आमचा मारिओ विलंबित लयीतला

आई स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती. 2018 ची दिवाळी. दादा दुबईहून येताना निन्टेन्डो स्विच घेऊन आला होता आणि मी तो बाहेरच्या खोलीत टीव्हीला जोडून त्यातलं जुन्या खेळांचं अ‍ॅप उघडून बसले होते. 'सुपर मारिओ ब्रदर्स' लावला. ते संगीत वाजलं आणि मिनिटाभरात आई उलथनं हातात घेऊनच दारात आली.

"हे आपलंच ना गं? मारिओचं?"

"हो, तेच."

ती दाराला टेकून थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "सूर तोच आहे. लय चढलीय. आपल्याकडे हे असं घाईत नव्हतं वाजत."

आईने आयुष्यात कधी गेमचा रिमोट हातात धरलेला नाही. पण लग्नाआधी ती मिरजेत गाणं शिकली होती, आणि 1996 पासून पुढची पाच-सहा वर्षं सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात तिने ते संगीत भिंतीपलीकडून रोज ऐकलं. पोळ्या लाटताना, धुणं वाळत घालताना, आम्हाला जेवायला हाका मारताना. मी म्हटलं, "इतकी वर्षं झाली, तुला तसं वाटत असेल." तिने वाद घातला नाही. दाराच्या चौकटीवर बोटांनी लय धरून दाखवली, "हे बघ, असं होतं," आणि दाणे करपायला लागले म्हणून आत पळाली.

ती लय काही माझ्या डोक्यातून जाईना. रात्री फोनवर शोधत बसले, आणि आईने नुसत्या कानावर सांगितलेलं तंतोतंत खरं निघालं.

गोष्ट विजेपासून सुरू होते. आपल्या घरात येणाऱ्या विजेची सेकंदाला 50 आवर्तनं होतात, अमेरिकेत 60. टीव्हीची पद्धत ठरली तेव्हा ती विजेच्या या ठेक्याशी जुळवून ठरली. म्हणून भारतात आणि बऱ्याचशा युरोपात टीव्हीचा पडदा सेकंदाला 50 वेळा रंगायचा, अमेरिकेत 60 वेळा. जपानमध्ये टोकियोकडच्या अर्ध्या देशात वीज 50 ची आणि ओसाकाकडे 60 ची, पण टीव्ही सगळीकडे अमेरिकेसारखाच. त्या काळातले खेळ पडद्याच्या रंगण्यावर वेळ मोजायचे. पडदा एकदा रंगला की मारिओ एक पाऊल पुढे, संगीत एक घर पुढे. सेकंदाला 60 पावलं टाकायला शिकवलेला मारिओ आमच्या टीव्हीवर 50 च टाकू शकायचा. जपानी मुलाला जे 100 सेकंद पुरायचं ते आम्हाला 120 सेकंद पुरायचं.

मग सूर का बदलला नाही? त्याचं उत्तर मला फार आवडलं. स्वराची उंची पडद्यावर अवलंबून नसते, यंत्राच्या आतल्या घड्याळावर असते. युरोपात अधिकृतपणे विकलेल्या यंत्रात ते घड्याळही जरा संथ होतं, त्यामुळे वेग न सुधारता विकलेले खेळ तिथे हळूही चालायचे आणि अर्ध्या स्वरापेक्षा जास्त खालीही उतरायचे. रशियात 'डेंडी' या नावाने गाजलेल्या, आणि आमच्या यंत्राच्या जातीच्या, नकली यंत्रांत मात्र घड्याळ जवळपास मूळ जपानी यंत्राइतकंच ठेवलेलं होतं. म्हणजे सूर जागच्या जागी आणि लय संथ. आई एका वाक्यात बोलली होती तेच.

सकाळी तिला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आपला विलंबितातला होता." अब्दुल करीम खाँसाहेब ज्या मिरजेत राहिले, तिथे गाणं शिकलेल्या बाईला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. बंदिश एकच असते, कोण कुठे गातो त्यावर ती बदलते.

मी मात्र त्या दिवसापासून जुन्या खेळांच्या कलेक्शनांकडे, म्हणजे जुने खेळ एकत्र करून नव्या यंत्रांवर पुन्हा विकतात त्यांच्याकडे, वेगळ्या नजरेने बघायला लागले.

आमचं यंत्र म्हणजे 1983 साली जपानात निघालेल्या निन्टेन्डोच्या 'फामिकॉम'ची नक्कल. हे तेव्हा आम्हाला कुठून माहीत असणार? आमच्यासाठी तो 'व्हिडिओ गेम' होता, बस. बाबांच्या बोनसमधून घेतलेला, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर मोठ्या आकड्यात 64 लिहिलेलं. चालू केली की समुद्र, उडणारे पक्षी आणि खेळांची लांबलचक यादी. पहिल्या आठवड्यातच दादाच्या लक्षात आलं की खरे खेळ दहा-बाराच आहेत. मारिओ तीनदा होता, तिन्ही वेळा वेगळ्या नावाने, एकात तो थेट पुढच्या जगात सुरू व्हायचा. आम्हाला फसवल्यासारखं वाटलं नाही. पुढचं जग बघायला मिळतंय याचाच आनंद जास्त.

आज विचार करते तेव्हा वाटतं, ती कॅसेट हेच आमच्या आयुष्यातलं पहिलं कलेक्शन. कुणीतरी कुठल्यातरी कारखान्यात बसून ठरवलं होतं की काय घ्यायचं, काय गाळायचं, कशाला काय नाव द्यायचं. आणि काय खोडायचं तेही. मारिओच्या शीर्षकाखाली जिथे साल आणि कंपनीचं नाव असतं, तिथे आमच्या कॅसेटमध्ये काहीच नव्हतं. मोकळं आकाश. शिगेरू मियामोतो, ताकाशी तेझुका, आणि ज्याचं संगीत आईला इतकं पाठ झालं तो कोजी कोंडो, ही नावं मला कळली ती तिशी जवळ आल्यावर. ज्यांनी आमचं बालपण इतकं गजबजतं केलं त्यांना आमच्या घरातून एक रुपयाही गेला नाही. मी आता ही कलेक्शनं विकत घेते त्यामागे हे एक कारण नक्कीच आहे.

रिमोटचं एक सांगायचं राहिलं. पहिल्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट ही दोन बटणं होती. दुसऱ्याला नव्हती. मूळ जपानी यंत्राचंही तसंच, तिथे त्या जागी छोटा माइक असायचा, आमच्या नकलेत तोही नाही. दुसरा रिमोट कायम माझा. म्हणजे खेळ सुरू कधी करायचा, थांबवायचा कधी, हे माझ्या हातात कधीच नव्हतं. मला तहान लागली तर दादाला सांगावं लागायचं, आणि दादा म्हणायचा, "हा बॉस होऊ दे."

'कॉन्ट्रा' या दोघांनी मिळून खेळायच्या गोळीबाराच्या खेळात दादा निळा, मी लाल. तिसऱ्या स्टेजला धबधबा लागतो, तिथे वर वर उड्या मारत जायचं असतं. दोघांपैकी एक पुढे गेला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. दादा भरभर वर जायचा, मी खाली मरायचे. माझ्या लाइफ संपल्या की मग त्याच्यातल्या उसन्या घेता यायच्या, तेवढी सोय त्या खेळात होती. दादा देताना कुरकुर करायचा, पण द्यायचा. 30 लाइफचा कोड त्याने भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर बाणांच्या खुणांनी लिहून ठेवला होता: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. लाइट गेली की मात्र निळा, लाल, उसनं, कोड, सगळं एकदम संपायचं. परत पहिल्यापासून.

आता दादाच्या स्विचमुळे आणि पुढे माझ्या पगारातून घेतलेल्या एक-दोन यंत्रांमुळे ही कलेक्शनं एकापुढे एक मांडून बघता यायला लागली. स्विच कंपनीने भारतात कधी अधिकृतपणे विकलेला नाही, त्यामुळे खातं उघडताना दुसऱ्याच कुठल्यातरी देशाचं दुकान निवडावं लागतं. मी अमेरिका निवडलं, दुसरं खातं जपानचं काढलं. तोच खेळ, दोन दुकानांत दोन नावांनी, दोन चेहऱ्यांनी. मला ते फार भावलं. जुन्या पोथीची चिकित्सक आवृत्ती काढतात तेव्हा संपादक वर एक पाठ छापतो आणि खाली तळटिपेत बाकीच्या पोथ्यांमधले पाठभेद देतो, की अमुक ठिकाणच्या पोथीत हा शब्द असा आहे. वाचणाऱ्याला कळतं की आपण वाचतोय ते एकमेव नाही. जुन्या खेळांचं कलेक्शन चांगलं की वाईट हे मी हल्ली यावरूनच ठरवते. पाठभेद दिलेत का? दिले नसतील तर निदान हा पाठ कुठला, ते तरी सांगितलंय का?

2016 च्या नोव्हेंबरात निन्टेन्डोने आपल्या त्या जुन्या फामिकॉमचं छोटं रूप काढलं तेव्हा ते जपानसाठी वेगळं आणि अमेरिका-युरोपसाठी वेगळं काढलं. दोन्हींत 30 खेळ, त्यातले 22 सामाईक, 8 वेगळे. त्या आठांच्या फरकात दोन देशांची मुलं तेव्हा काय खेळत होती हे दिसतं. शिवाय युरोपच्या छोट्या यंत्रातही अमेरिकी, म्हणजे 60 च्या ठेक्याच्याच आवृत्त्या होत्या. युरोपातल्या लोकांना लहानपणी संथ मिळालेले खेळ तिथे पहिल्यांदा पूर्ण वेगात मिळाले.

याच्या बरोबर उलटं 2018 च्या डिसेंबरात झालं. सोनीने छोटं प्लेस्टेशन काढलं, त्यात 20 खेळ होते आणि त्यातले 9 युरोपच्या 50 च्या आवृत्त्यांतले. अमेरिकेत विकलेल्या यंत्रातसुद्धा. 'टेक्केन 3' सारखा हातघाईचा खेळ संथ. लोक भयंकर चिडले, आणि माझ्या मते बरोबरच चिडले. आता कुणी म्हणेल, संथ मारिओवर जीव असलेल्या बाईने संथ टेक्केनला नावं का ठेवावीत? तर संथपणाला माझी हरकतच नाही. डेट्रॉइटच्या माणसाने तो खेळ तसा कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या आठवणीच्या जागी दुसऱ्याची आठवण ठेवली आणि त्याला तसं सांगितलंही नाही, माझी हरकत या न सांगण्याला आहे.

सेगाचं 2019 चं छोटं मेगा ड्राइव्ह मला यात सगळ्यांत सभ्य वाटलं. मुळात या यंत्रालाच दोन नावं, अमेरिकेत जेनेसिस आणि बाकी जगात मेगा ड्राइव्ह. 42 खेळ, आणि सेटिंगमध्ये भाषा बदलली की खेळांची मुखपृष्ठं बदलतात आणि खेळाची आवृत्तीही त्या प्रदेशाची होते. मी ते एका मित्राकडे दोन तास चालवून पाहिलं, त्यातला एक तास नुसती भाषा बदलून मुखपृष्ठं बघण्यात गेला.

सेगाचंच आधीचं एक उदाहरण मात्र मन खट्टू करतं. 2005 च्या 'सॉनिक जेम्स कलेक्शन'च्या जपानी डिस्कमध्ये 'स्ट्रीट्स ऑफ रेज'चे तिन्ही भाग होते. अमेरिकेच्या डिस्कमधून ते काढले, कारण मारामारी असली की लहान मुलांसाठीचं प्रमाणपत्र मिळत नाही. प्लेस्टेशन 2 वर हे कलेक्शन जपानला आणि युरोपला मिळालं, अमेरिकेला फक्त निन्टेन्डोच्या गेमक्यूब या यंत्रावर. एकाच नावाची वस्तू, प्रत्येक देशात वेगळ्या आकाराची. तर 'मेगा मॅन'चं 2004 चं कलेक्शन प्लेस्टेशनवर बरं आणि गेमक्यूबवर हाताला उलटं, कारण तिथे उडी आणि गोळीची बटणं आलटापालट केली होती आणि ती बदलायची सोयही दिली नव्हती. वर्षानुवर्षं ज्या बोटाने उडी मारली त्याच बोटाने गोळी सुटते, हा त्रास आकडेवारीत मांडता येत नाही. बोटाला विचारावं लागतं.

आणि चुका. चुकांबद्दल मी जरा हळवी आहे. पहिल्या मारिओत 1-2 च्या, म्हणजे पहिल्या जगातल्या दुसऱ्या स्टेजच्या, शेवटी भिंतीत विशिष्ट पद्धतीने घुसलं की एका विचित्र पाण्याच्या जगात जाता येतं, जिथून सुटकाच नाही, पुन्हा पुन्हा तेच पाणी. जपानमध्ये हाच खेळ पुढे डिस्कवर निघाला, त्यात हेच चुकीचं जग तीन स्टेजचं झालं आणि ते संपतंही. 1993 मध्ये निन्टेन्डोने पहिले मारिओ एकत्र करून 'ऑल-स्टार्स' काढला तेव्हा ही चूक दुरुस्त करून टाकली. जग गेलं. चित्रं सुंदर झाली, रंग भरले, पण आणखी एक बारीक फरक पडला: मूळ खेळात वीट फोडली की मारिओ लगेच खाली येतो, 'ऑल-स्टार्स'मध्ये तो वीट फोडूनही थोडा वरच जात राहतो. खेळलेल्या माणसाला ते पहिल्या विटेलाच जाणवतं. आमच्या गल्लीत त्या पाण्याच्या जगाची अफवा होती, पण कुणालाच ते जमलं नव्हतं. दादा म्हणायचा, ते कोल्हापूरच्या एका मुलाला जमतं.

2019 च्या जूनमध्ये 'कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन' आलं आणि मी ते त्याच आठवड्यात घेतलं. कोनामीने त्यात अमेरिकी कॉन्ट्रा आणि जपानी कॉन्ट्रा दोन्ही दिलेत. नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांवरचे, म्हणजे आर्केडचे, खेळ दिलेत, आणि नंतरच्या भागांच्या युरोपी आवृत्त्याही. युरोपात या खेळाचं नावच वेगळं, 'प्रोबोटेक्टर'. जर्मनीत माणसांनी माणसांवर गोळ्या झाडण्याच्या खेळांवर कडक निर्बंध होते, म्हणून तिकडे निळ्या-लाल जवानांच्या जागी यंत्रमानव घातले. म्हणजे मी लाल आणि दादा निळा होतो तेव्हा हॅम्बुर्गमधली दोन भावंडं बहुधा दोन यंत्रमानव होती.

पण मला ज्याने गप्प केलं ती जपानी आवृत्ती. पहिली स्टेज सुरू झाली आणि मागची झाडं हलत होती. वारा सुटल्यासारखी. मी उडी न मारता तशीच उभी राहिले. कॉन्ट्रातली ती झाडं मी हजारो वेळा ओलांडली होती, ती कधी हलली नव्हती. पुढे बर्फाच्या स्टेजला खरोखर बर्फ पडत होता. दोन स्टेजमध्ये नकाशा यायचा, आपण कुठे पोचलो ते दाखवायला. हे सगळं 1988 च्या जपानी कॅसेटमध्ये कोनामीने स्वतःची एक जादा चिप घालून केलं होतं. अमेरिकेत निन्टेन्डो कॅसेटी स्वतःच बनवून द्यायची, दुसऱ्याची चिप चालायची नाही, म्हणून तिकडे वारा आणि बर्फ गळून गेला. आमच्या पिवळ्या कॅसेटीतही तो नव्हता. मी दादाला व्हिडिओ काढून पाठवला. त्याचं उत्तर आलं, "झाडं हलतायत?" एवढंच. थोड्या वेळाने परत: "आपली का नाही हलली?"

दोन महिन्यांनी ऑगस्टमध्ये कृष्णा चढली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावभाग बुडाला. आई-बाबांना घेऊन आम्ही मावशीकडे विश्रामबागला आलो होतो. निघताना कागदपत्रं, आईची औषधं, तिची गाण्याची वही आणि स्विच, एवढं माझ्या पिशवीत होतं. जी कलेक्शनं मी दोन महिने पारखत होते ती सगळी त्या तळहाताएवढ्या यंत्रात कोरडी होती. पिवळी कॅसेट फडताळाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या यंत्राशेजारी, डब्यात.

पाणी उतरल्यावर घरात गेलो तेव्हा ढोपरापर्यंत गाळ. तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. आठवडाभर नुसतं उपसत होतो. यंत्र गेलंच होतं, आत गाळ भरून घट्ट झालेला. कॅसेटही फेकणार होते, तर बाबा म्हणाले, "उघडून तरी बघ."

मागे एकच स्क्रू. तो काढला की पिवळं कवच दोन भागांत सुटतं. आत हिरवी पट्टी, माझ्या तळहातापेक्षा लहान, आणि तिच्या मध्यावर डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा. त्या गोळ्याखाली सगळं, समुद्र, पक्षी, 64 चा आकडा, तीन मारिओ, धबधबा. चिप अशी लाखेत बुडवल्यासारखी बंद केलेली असते म्हणून पाणी तिला काही करू शकलं नव्हतं. गंज होता तो फक्त कडेच्या सोनेरी दातांवर. मी ओल्या फडक्याने गाळ काढला, मग शाळेत वापरायचा साधा खोडरबर घेऊन एकेक दात घासला. एका बाजूला 30, दुसऱ्या बाजूला 30. लहानपणी त्यांच्यावर किती फुंकर मारली असेल, कधी मोजले नव्हते. शेवटी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि पट्टी दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवली. दिवाळीत बाजारातून एक नवं नकली यंत्र आणलं, आजही अशी मिळतात. कॅसेट बसवली. समुद्र आला. पक्षी उडाले.

मग मी जे करायचं आईच्या त्या वाक्यापासून मनात होतं ते केलं. डाव्या बाजूला स्विच, उजव्या बाजूला कॅसेट, बाबांचा जुना टीव्ही वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचलेला. दोन्हींवर मारिओ 1-1. मारिओला सुरुवातीच्या जागीच उभं ठेवलं, तिथे कुणी येत नाही. वरचं घड्याळ 400 पासून उतरतं. त्या खेळाचा एक 'सेकंद' म्हणजे पडद्याची 24 रंगणं. स्विचवर घड्याळ शून्यावर आलं तेव्हा माझ्या फोनवर 2 मिनिटं 40 सेकंद झाले होते. कॅसेटवर 3 मिनिटं 12. शिवाय आमच्या टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या आणि मारिओ किंचित बुटका, कारण आपल्या टीव्हीच्या रेघा जास्त, चित्र त्यांना पुरत नाही. तोच मारिओ माझा. स्विचवरचा उंच वाटतो.

आई पलंगावर बसून ऐकत होती. कॅसेटवरचं संगीत सुरू झालं तेव्हा तिने काहीच न बोलता मांडीवर बोटांनी लय धरली.

जपान, अमेरिका, युरोप असे तीनच प्रदेश ही कलेक्शनं मानतात. सांगलीत, मुंबईत, मॉस्कोत लाखो मुलांनी जे संथ, नाव खोडलेले, तीनदा मोजलेले खेळ खेळले त्यांचा पाठ कुणी छापत नाही. कायद्याने छापताही येणार नाही, हे मला कळतं. चोरीचा माल होता तो. पण निदान वेग? कलेक्शनात टीव्हीच्या रेघा दाखवायची सोय असते, चित्राची कड गोल करायची सोय असते, चुकलं तर मागे सरकवायची असते. '50' असं एक बटण द्यायला काय लागतं? ज्यांना नको त्यांनी दाबू नये.

एका कलेक्शनाबद्दल मात्र मला मनापासून हात जोडावेसे वाटतात. 2022 चं, अटारी कंपनीच्या पन्नाशीचं 'अटारी 50'. डिजिटल एक्लिप्सने बनवलेलं. त्यात खेळांची नुसती यादी नाही, काळाची एक लांब रेघ आहे आणि तिच्यावर खेळ, कागद, जाहिराती, यंत्रांची चित्रं आणि ज्यांनी हे खेळ बनवले ती माणसं बोलताना. अटारी त्या काळी खेळ बनवणाऱ्यांची नावं छापत नसे. वॉरन रॉबिनेटने 1980 च्या 'अ‍ॅडव्हेंचर'मध्ये म्हणून स्वतःचं नाव एका गुप्त खोलीत लपवून ठेवलं होतं, डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक ठिपका उचलून नेला तरच तिथे जाता यायचं. मी तो ठिपका शोधला, खोलीत गेले आणि ते नाव वाचलं. आमच्या मारिओखालचं मोकळं आकाश मला तेव्हा आठवलं.

पिवळ्या कवचावरचं 64 चं चित्र पुरात धुऊन गेलं होतं. तिथे मी कागदाची पट्टी चिकटवली आणि बॉलपेनने लिहिलं: सांगली, 50.

मागच्या दिवाळीत दादा सहकुटुंब आला होता. त्याची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला स्विचवरचा कॉन्ट्रा येतो, हलणाऱ्या झाडांचा. ती म्हणाली, "आत्या, तुमचा दाखव ना." कॅसेट लावली. तिने सरळ पहिला रिमोट उचलला, दुसरा दादाकडे गेला. ती निळी, दादा लाल. "बाबा, याच्यात झाडं का थांबलीयेत?" असं तिने एकदा विचारलं आणि पुढे गेली. धबधब्याला ती वेगात वर चढली, दादा खाली राहिला आणि मेला. परत आला, परत मेला. त्याच्या लाइफ संपल्या, त्याने तिच्यातली एक उसनी घेतली. धबधबा अजून निम्मा बाकी होता. तिने स्टार्ट दाबून खेळ थांबवला, रिमोट खाली ठेवला आणि आजीकडे पाणी मागायला आत गेली.

दादा दुसरा रिमोट हातात धरून, थांबलेल्या धबधब्याकडे बघत तिची वाट पाहत बसला.